पुणे ते हर्णै : दोन दिवसांच्या प्रवासात फोनचा कॅमेरा कसा पारखावा

दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली जवळपास प्रत्येक फोन चांगला फोटो काढतो. उजेड भरपूर असतो, समोरची वस्तू हलत नाही, आणि फोटो बघायचा तो त्याच फोनच्या झगझगीत पडद्यावर. अशीच परीक्षा घेऊन मी एकदा फोन घेतला आणि आईला पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून सगळे कोकणात गेलो तेव्हा तोच नेला. परत येऊन लॅपटॉपवर फोटो उघडले. आईच्या हातावरच्या शिरा दिसत होत्या, पण चेहऱ्यावर एकही सुरकुती नव्हती, चेहरा मेणाचा केल्यासारखा. भाची वाळूत पळतानाचे सगळे फोटो हललेले. फोन परत द्यायची मुदत तोवर संपली होती. तो दिवस परत येणार नाही, याची खंत अजून आहे.

तेव्हापासून घरात कुणीही फोन घेतला की परतीच्या मुदतीच्या आत आम्ही तो एका ठरलेल्या रस्त्याने फिरवून आणतो. पुणे, वाई, महाबळेश्वर, पोलादपूर, खेड, दापोली, हर्णै. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरांच्या आसपास उंचीवर आणि हर्णै समुद्राला लागून. घाटातलं धुकं, काळा पाषाण, लाल जांभा, बोगदा, समुद्रावरचा मावळतीचा उजेड हे सगळं दोन दिवसांत मिळतं. तुमचा रस्ता वेगळा असला तरी हरकत नाही. मी कुठली जागा कशासाठी निवडली एवढं लक्षात घ्या, तशी जागा तुमच्या वाटेवर सापडेल.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. हा फोन जास्तीत जास्त चांगला फोटो किती काढतो हे आपल्याला शोधायचं नाही. तीन फोटो काढले तर त्यातले बिघडतात किती, हे शोधायचंय. घरच्या प्रसंगी आपल्याला एकदाच संधी मिळते. म्हणून या दोन दिवसांत एकही फोटो पुसायचा नाही. हललेले, काळे पडलेले, डोळे मिटलेले सगळे ठेवायचे. पारख त्यांच्यावरूनच होते.

निघण्याच्या आदल्या रात्री

जुना फोन सोबत घ्या. एकट्या नव्या फोनचे फोटो बघून मत बनत नाही, आपण लगेच खूश होतो. दोन्ही फोन चार्ज करा, दोन्हींत जागा मोकळी करा. फोर-के व्हिडिओ मिनिटाला काहीशे मेगाबाइट खातो.

मग लेन्स पुसा, स्वच्छ सुती कापडाने, दोन्ही फोनच्या. हे अगदी किरकोळ वाटतं, पण लेन्सवर बोटाचा ठसा असला की रात्री प्रत्येक दिव्यातून लांबलचक रेघा निघतात आणि आपण दोष कॅमेऱ्याला देतो. लेन्सवर काच चिकटवली असेल तर परीक्षेपुरती काढा.

सेटिंगमध्ये चेहरा उजळ आणि गुळगुळीत करणारा ब्यूटी मोड बंद करा, मागच्या कॅमेऱ्याचा आणि सेल्फीचाही. बऱ्याच फोनमध्ये या दोघांची बटणं वेगळी असतात. फिल्टर बंद, फोटोवर फोनचं नाव उमटत असेल तर तेही बंद. एचडीआर, म्हणजे ऊन आणि सावली दोन्ही सांभाळायला अनेक फोटो मिसळणारी सोय, ऑटोवर राहू द्या. बाकी काही छेडू नका, कारण घाईत फोटो काढताना आपण सेटिंग लावत बसत नाही, खिशातून फोन काढतो आणि बटण दाबतो.

मेगापिक्सेलच्या आकड्याबद्दल थोडं. ५० मेगापिक्सेलचा फोन नेहमीच्या मोडमध्ये शेजारशेजारचे चार बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. २०० मेगापिक्सेलवाला सोळा बिंदू एकत्र करतो, म्हणजे तोही साडेबारावरच येतो. त्यामुळे दोन फोनची तुलना नेहमीच्या मोडमध्येच करा. पूर्ण मेगापिक्सेलचा मोड उन्हात एकदा वापरून बघा आणि विसरून जा.

शेवटची वस्तू म्हणजे एक साधी वही, पांढऱ्या पानांची. प्रत्येक ठिकाणी पोचलो की पानावर मोठ्या अक्षरांत जागा, वेळ आणि फोन लिहायचा आणि पहिला फोटो त्या पानाचा काढायचा. यातून दोन कामं होतात. घरी आल्यावर कुठला फोटो कुठला हे शोधावं लागत नाही, आणि पांढरं पान फोटोत पिवळं, निळं की पांढरं दिसतंय यावरून रंगांचा तोल लगेच कळतो. मी बऱ्याच युक्त्या करून पाहिल्या, पण एवढी स्वस्त आणि इतकी उपयोगी दुसरी सापडली नाही.

गाडीत

चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही. आमच्याकडे ताई गाडी चालवते आणि मी शेजारी बसतो. मोटारसायकलने जाणार असाल तर फोन हँडलला घट्ट बसवून नेऊ नका. कॅमेऱ्यातली लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा फार नाजूक असते. मोठ्या इंजिनाच्या कंपनांनी ती बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१मध्ये स्वतःच दिला होता. फोन खिशात ठेवा आणि उतरल्यावर काढा.

पहाटे साडेपाचला पुणे सोडलं तर हिवाळ्यात खंबाटकी घाट चढताना उजाडतं. इथे खिडकी खाली करून बाहेरचे तीन फोटो आणि पुढच्या काचेतून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. काचेतून घेताना फोन काचेच्या अगदी जवळ धरा आणि डॅशबोर्डवर काळं कापड टाका, नाहीतर डॅशबोर्डचं प्रतिबिंब फोटोत येतं.

फोटोत रस्त्याकडेचे विजेचे खांब बघा. जवळचा खांब तिरका आला असेल, तर घाबरू नका. सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग, अख्खं चित्र एका क्षणात वाचत नाही, एकेक ओळ वाचत जातो, तेवढ्यात गाडी पुढे सरकलेली असते. असं थोडंफार प्रत्येक फोनमध्ये होतं. नव्या फोनमध्ये जुन्यापेक्षा जास्त तिरका येत असेल तर मात्र वहीत लिहून ठेवा.

मेणवली : इथे घाई करू नका

वाईत चहा झाला की थेट मेणवलीला जा. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा दगडी घाट, आणि घाटावरच्या देवळाजवळ कमानीत टांगलेली ती मोठी घंटा. १७३९ला मराठ्यांनी वसई घेतली तेव्हाची ही पोर्तुगीज घंटा. तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची उठावाची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे.

कॅमेऱ्यासाठी ही जागा फार अवघड आहे, म्हणूनच मी ती निवडली. घंटा सावलीत, धातू काळपट, आणि कमानीपलीकडे नदीवर पडलेलं सकाळचं लख्ख ऊन. वाईट कॅमेरा दोन्हीतलं एकच सांभाळतो. घंटा दिसली तर नदी पांढरीफटक, नदी दिसली तर घंटा म्हणजे काळा गोळा. हल्लीचे फोन एकाच वेळी अनेक फोटो घेऊन ते एकमेकांत मिसळतात, त्यामुळे दोन्ही दिसतं, पण ते दिसतं कसं ते बघा.

घंटेपासून चार पावलांवर उभे राहा. आधी वहीचं पान, मग तीन फोटो, तिन्ही वेळा फोन खाली करून पुन्हा उचलून. एकाच जागी सलग बटण दाबलं तर फोकस आणि उजेडाचं माप तेच राहतं आणि परीक्षा होत नाही. मग फोटो मोठा करून तीन गोष्टी तपासा.

पहिली म्हणजे साल. अंक स्वच्छ वाचता येतात, की कडा कोरून काढल्यासारख्या पांढऱ्या झाल्यात? अशी पांढरी रेघ म्हणजे फोनने नंतर ओढूनताणून आणलेला तीक्ष्णपणा, लेन्सने पाहिलेला तपशील नव्हे.

दुसरी म्हणजे कमानीची कड. काळ्या दगडाला उजेडाच्या बाजूने धूसर प्रभावळ आली असेल तर फोटो नीट मिसळले गेलेले नाहीत.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त निसटते : दगडाचा रंग. हा काळा बसाल्ट आहे. सावलीतलं सगळं दाखवायच्या नादात कित्येक फोन तो राखाडी करून टाकतात, आणि देऊळ सिमेंटचं बांधल्यासारखं दिसतं. फोटो पडद्यावर ठेवा, मान वर करा, समोरचा दगड बघा. डोळ्यांना दिसतो तेवढा काळा फोटोत आहे का? ही तुलना घरी गेल्यावर करता येत नाही, तिथेच करायची.

मग माणसांचे फोटो. आईला घाटाच्या पायरीवर सावलीत बसवतो, मग उन्हात, मग पाठीमागे नदी येईल असं. प्रत्येक जागी एक साधा फोटो आणि एक पोर्ट्रेट मोडमधला. ब्यूटी मोड बंद असूनही चेहऱ्याचा पोत जात असेल तर तो फोनचा स्वभाव आहे आणि तो सेटिंगने जात नाही. आपला गव्हाळ, सावळा रंग जसा आहे तसा येतो, की फोन तो एक पायरी उजळ करतो, हेही बघा. माझ्या मते या एका कारणासाठी फोन परत द्यावा. पोर्ट्रेटमध्ये केसांच्या सुटलेल्या बटा, चष्म्याची दांडी आणि कानातल्या कुड्या बघा. मागचं धूसर करताना फोन चुकतो तो इथेच.

पठार, स्ट्रॉबेरी आणि पुतळा

पसरणी घाट चढून पाचगणीला आलात की टेबल लँडवर दहा मिनिटं पुरे. जांभ्याचं सपाट पठार, वर आकाश, लांब डोंगर. एकाच जागेवरून तिन्ही लेन्सने, म्हणजे रुंद, मुख्य आणि झूमने, एकेक फोटो काढा. जमिनीचा तांबडा रंग तिन्हीत सारखा हवा. एकीत विटकरी आणि दुसरीत गुलाबी आला तर पुढे प्रत्येक सहलीचे फोटो एकत्र लावताना त्रास होणार. रुंद लेन्सचे चारही कोपरे मोठे करून बघा, गवत तिथे फाटलेलं असतं.

महाबळेश्वरात हिवाळ्यात गेलात तर स्ट्रॉबेरीची एक पेटी घ्या आणि खाण्याआधी उन्हात ठेवून फोटो काढा. गडद, चकचकीत लाल रंग फोनच्या कॅमेऱ्याला झेपत नाही. लाल एकदा मर्यादेपलीकडे गेला की फळावरची बारीक खळगी, पिवळ्या बिया, चमक सगळं एकाच लाल ठिपक्यात बुडतं. बिया मोजता आल्या तर कॅमेरा चांगला. हाच दोष लग्नात लाल शालूवर दिसतो, तिथली जर आणि वीण नाहीशी होते. मग फोन फळाच्या अगदी जवळ न्या आणि कुठल्या अंतरावर फोकस सुटतो ते बघा. मोठ्या सेन्सरच्या फोनला फार जवळचं दिसत नाही, म्हणून तो गुपचूप रुंद लेन्सवर उडी मारतो. पडद्यावरचं चित्र किंचित हलून बदललं की समजायचं.

दुपारी प्रतापगड. १६५६ला बांधून झालेला हा किल्ला चढताना बुरुजांचे फोटो आपण काढतोच, पण परीक्षेची जागा आहे वरचा महाराजांचा अश्वारूढ पुतळा. १९५७ला पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. गडद धातूचा पुतळा आणि मागे सरळ आकाश. पडद्यावरच्या पुतळ्यावर बोट ठेवून एक फोटो, काहीही न करता एक. न बोट ठेवता घोड्याचा चेहरा आणि आकाशातला ढग दोन्ही आले तर शंभर गुण द्या.

रात्री मुक्कामी

जेवायला थांबाल तिथे ट्यूब आणि एलईडीचे दिवे असतील. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकताना दिसले तर सेटिंगमध्ये फ्लिकर किंवा ५० हर्ट्झचा पर्याय शोधा. तो निवडूनही पट्टे जात नसतील तर घरगुती कार्यक्रमांचे व्हिडिओ त्या फोनवर त्रास देतील.

नंतर मुक्कामाच्या अंगणात, एका दिव्याच्या उजेडात, माणसाचा फोटो. नाइट मोड चालू ठेवून तीन, बंद ठेवून तीन. चालू असताना माणसाने किती वेळ स्थिर राहावं लागतं ते मोजा. दोन-तीन सेकंद मोठी माणसं थांबतात, लहान मूल थांबत नाही. आणि रात्र दिवसासारखी दिसायला लागली तर ती खोटी आहे. अंधार फोटोत उरला पाहिजे.

आता झूमची चाचणी. तीन पट झूम लावा आणि झूमच्या लेन्सवर बोट ठेवा. पडद्यावरचं चित्र काळं झालं तर ती लेन्स खरंच काम करते आहे. काही फरक पडला नाही तर फोन मुख्य लेन्सचंच चित्र कापून मोठं करून दाखवतोय. कमी उजेडात अनेक फोन असं करतात, कारण झूमची लेन्स उजेड कमी घेते. गॅलरीतल्या फोटोच्या माहितीतही (डिटेल्स) हे कळतं. मुख्य लेन्सचं छिद्र एफ १.८च्या आसपास असतं, झूमचं एफ २.४, २.८ किंवा त्याहून लहान. तीन पट झूमच्या फोटोवर एफ १.८ दिसलं की समजा.

चंद्राच्या फोटोवरून झूम ठरवू नका. काही फोन चंद्र ओळखतात आणि त्याचा तपशील स्वतःच्या हिशेबाने वाढवतात.

कशेडीचा बोगदा

दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, मग मुंबई-गोवा महामार्गाने कशेडीचा बोगदा. बोगद्यात शिरण्याआधी व्हिडिओ सुरू करा आणि बाहेर पडल्यावर थोड्या वेळाने बंद करा. बाहेर पडताना पडदा पांढरा होतो. रस्ता पुन्हा दिसायला किती सेकंद लागतात, आणि उजेड हळूहळू जुळतो की धक्क्याने, एवढंच बघायचं. दोन्ही फोन शेजारी धरून घेतलं तर फरक उघड दिसतो.

फोन डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. तापला की चित्रीकरण मध्येच थांबतं आणि दुपारची परीक्षा वाया जाते.

हर्णैचा लिलाव

दुपारी चारच्या सुमारास हर्णैच्या किनाऱ्यावर पोचा. होड्या लागतात, मासळीच्या पाट्या उतरतात, वाळूवर लिलाव सुरू होतो. भडक लुगडी, डोक्यावर पाट्या, चमकणारी ओली सुरमई, ओरडून बोली लावणारी माणसं. कुणीही कुणासाठी थांबत नाही. लोकांचं काम चालू असतं, तेव्हा आधी विचारा, वाटेत उभे राहू नका.

माझा जुना फोन इथेच नापास झाला होता. हलत्या माणसांचे फोटो काढताना उजेड पुरेसा असूनही काही फोन शटर, म्हणजे फोटो टिपायला लागणारा वेळ, १/६० सेकंदावर ठेवतात, आणि चालणाऱ्या माणसाचा हात पुसट येतो. लिलाव ऐन रंगात असताना दहा फोटो काढा, कुठलाही मोड न लावता. बाजूला येऊन प्रत्येकाच्या माहितीत शटरचा वेग बघा. १/२५० किंवा त्याहून वेगवान असेल तर चालणारं माणूस नीट येतं. धावणाऱ्या मुलासाठी १/५०० हवं. दहातले किती फोटो स्पष्ट आले, तो आकडा वहीत लिहा. सगळ्या प्रवासातला हाच आकडा मी सर्वांत महत्त्वाचा मानतो.

बटण दाबल्यावर फोटो लगेच निघतो की क्षणभराने, हेही इथेच कळतं. बोली लावणाऱ्याने हात वर केला की दाबा. फोटोत हात खाली आलेला असेल तर फोन उशीर करतो.

उन्हं कलली की बंदराकडून समुद्रातल्या सुवर्णदुर्गाकडे वळा. मुख्य लेन्स, तीन पट, पाच पट, दहा पट, असं चढत जा. तटाच्या दगडांचे सांधे दिसायचे थांबतात आणि त्या जागी रंगवल्यासारखे डाग येतात, तिथे या फोनचा झूम संपला. खोक्यावर छापलेला आकडा काहीही असो.

सूर्य टेकताना शेवटचे फोटो. सूर्याभोवतीच्या आकाशात रंग एकातून दुसऱ्यात अलगद जातो, की पायऱ्या-पायऱ्या दिसतात? पाण्यावर हिरवे ठिपके आलेत का? ते लेन्सच्या आत उलटसुलट फिरलेल्या उजेडाचे असतात. आणि डोळ्यांना फिकट केशरी दिसलेलं आभाळ फोटोत जांभळं-लाल झालं असेल तर फोन रंग वाढवतो. काहींना ते आवडतं. मला नाही.

घरी आल्यावर

फोटो व्हॉट्सॲपवरून साधे पाठवू नका, तिथे ते दाबले जातात. केबलने घ्या, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. लॅपटॉपवर दोन्ही फोनचे फोटो शेजारी उघडा आणि शंभर टक्क्यांवर बघा. फोनच्या स्वतःच्या पडद्यावर निर्णय घेऊ नका.

कुठला फोटो कुठल्या फोनचा हे माहीत असलं की डोळा नव्या फोनच्या बाजूने झुकतो. म्हणून भाचीला बसवतो. ती फाइलींना क, ख अशी नावं देते, वहीच्या पानांचे फोटो बाजूला काढते, आणि ताई व मी निवडतो. प्रत्येक जागेच्या तीन फोटोंतला सर्वांत चांगला न निवडता मधला निवडायचा. रोजच्या वापरात आपल्याला मधलाच मिळणार असतो. एकूण गुण काढत बसू नका. घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर मेणवलीचे चेहरे आणि हर्णैचे दहा फोटो यांच्यावर ठरवा. डोंगरदऱ्यांत फिरणारे असाल तर टेबल लँड आणि सुवर्णदुर्ग. बाकीच्यात थोडं उणंदुणं असलं तरी चालतं.

मुदतीत दिवस उरले असतील तर एक फोटो छापून घ्या. १२ मेगापिक्सेलचा फोटो ३०० डीपीआयने (इंचाला ३०० बिंदू) १३ बाय १० इंचांपर्यंत नीट छापता येतो. स्टुडिओत स्पष्ट सांगा, रंग सुधारू नका, उजळ करू नका, जसा आहे तसा छापा. गेल्या डिसेंबरात ताईच्या नव्या फोनमधला आईचा घाटावरचा सावलीतला फोटो आम्ही असा छापला. हर्णैला त्या फोनचे दहातले सात फोटो स्पष्ट आले होते, सूर्यास्त मात्र भडक होता, त्यामुळे ताईचं ठरत नव्हतं. छापलेला फोटो तिने खिडकीतल्या उजेडात आईच्या गालाशेजारी धरला. कपाळावरच्या तीन आठ्या, डाव्या डोळ्याखालचा तीळ, नाकावर चष्म्याने पडलेली खूण, सगळं जागच्या जागी होतं. फोनचं खोकं तिने त्याच दिवशी माळ्यावर टाकलं.